डकटेल्सचे गेम पहिल्यापासून क्रमाने कसे खेळायचे (चंद्रावरच्या गाण्यापर्यंत)

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली की भाचेमंडळी आठ-दहा दिवस आमच्याकडेच असतात, आणि जळगाव-भुसावळकडचं त्या दिवसातलं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला माहितीये, दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही, त्यामुळे झोके संध्याकाळी आणि दुपारभर पोरं घरात. यंदा मी ठरवूनच टाकलं होतं की यांच्या हातातले मोबाईल बाजूला ठेवायचे आणि डकटेल्सचे गेम १९८९ पासून पुढे एकामागे एक, जसे निघाले त्याच क्रमाने, यांच्यासोबत बसून खेळायचे. सहा दुपारी लागल्या. कसं केलं, कुठं चुकलं, काय आधी लावायचं काय नंतर, ते सगळं इथं लिहितो म्हणजे तुम्हाला करायचं असेल तर सोपं पडेल.

डकटेल्सच का, तर कार्टूनवरून काढलेले गेम ढिगानं आहेत पण बऱ्याच वेळा काय होतं की कुठलातरी साधा उड्या मारायचा गेम घेतात आणि त्याच्यावर कार्टूनमधलं तोंड चिकटवतात, नाव काढून टाकलं तर ओळखू पण येणार नाही. डकटेल्सचं तसं नाही. ह्याच्यात गेमच्या आत अंकल स्क्रूजचा स्वभाव उतरलाय, आणि शेवटी तर असं झालं की गेममधली एक गोष्ट परत कार्टूनमध्ये गेली. ते शेवटी सांगतो, कारण मजा तिथंच आहे आणि क्रमाने गेलात तरच ती कळते.

आधी कार्टून दाखवा, गेम नंतर

हे टाळू नका. आपल्या वयाच्या लोकांना सांगायची गरज नाही, नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदीत लागायचं, गल्लीत ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या ओसरीवर सगळी पोरं. पण आत्ताच्या पोरांना स्क्रूज कोण हेच माहीत नसतं. स्क्रूज म्हणजे जगातला सगळ्यात श्रीमंत बदक, आधी कॉमिकमधला, कार्ल बार्क्सनं १९४७ मध्ये काढलेला, आणि मग डिस्नेनं १९८७ मध्ये त्याच्यावर टीव्ही मालिका आणली, १९९० पर्यंत तिचे १०० एपिसोड झाले. पोरांना सगळे दाखवायची गरज नाही, दोन-तीन पुरे, जिथं अधिकृत मिळतील तिथून बघा. त्यांना फक्त एवढं कळलं पाहिजे की हा म्हातारा कंजूष आहे पण पळपुटा नाही, खजिन्यासाठी स्वतः जंगलात जातो, ह्युई ड्युई लुई हे त्याचे नातू, लॉंचपॅड हा विमान हमखास आपटवणारा पायलट, मिसेस बीकली घर सांभाळणारी, ग्लोमगोल्ड हा त्याच्याशी श्रीमंतीत चढाओढ करणारा, आणि मॅजिका ही जादूगारीण जिचा डोळा स्क्रूजच्या पहिल्या नाण्यावर.

भाचीनं विचारलं, मामा हा एवढे पैसे बँकेत का नाही ठेवत. मी म्हटलं अगं आपल्याकडं पण जुनी माणसं सोनं घरातच ठेवायची, जळगावच्या सराफ बाजारात जाऊन आली की कपाटाला तीन कुलपं. तिला लगेच पटलं, तिच्या आजीचंच उदाहरण डोळ्यासमोर होतं.

मशीनचं काय करायचं

दोन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे जुना टीव्ही गेम, तो दोन रिमोटवाला, वरून कॅसेट खुपसायचा. माझा माळ्यावर होता. तुमच्याकडं पण असेल तर फेकू नका, पण लगेच प्लग लावून पण टाकू नका. आधी अ‍ॅडाप्टर बघा, त्याच्यावर लिहिलेला व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण मशीनच्या खाली किंवा मागं जे छापलंय त्याच्याशी जुळली पाहिजे, घरात पडलेला कुठलाही अ‍ॅडाप्टर लावला तर मशीन कायमचं जातं. मग कॅसेट. आपण सगळे काय करायचो, कॅसेट चालली नाही की फूsss करून फुंकर मारायची आणि परत घालायची. चालायची पण, कारण काढून परत घातली की पिना घासल्या जातात आणि नीट टेकतात, फुंकरीनं उलट तोंडातला ओलावा त्या तांब्याच्या पट्ट्यांवर बसतो आणि कालांतरानं त्या काळ्या पडतात. त्यापेक्षा मोबाईल रिपेरिंगवाले पार्ट धुवायला जे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात ते थोडंसं आणा, जळगावात गोलाणी मार्केटला कुठल्याही मोबाईलवाल्याला विचारा, कानात घालायच्या कापसाच्या काडीला लावून पट्ट्या पुसा, काडी काळी यायची बंद होईपर्यंत पुसा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट घालू नका. माझ्या कॅसेटच्या चार काड्या काळ्या झाल्या तेव्हा कुठं चित्र आलं.

बाहेरून कॅसेट मागवणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडचे हे टीव्ही गेम जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम मशीनच्या धर्तीवर बनलेले, त्यांना ६० पिनची कॅसेट लागते, आणि अमेरिकेत त्याच मशीनचा जो एनईएस नावाचा अवतार होता त्याची कॅसेट ७२ पिनची, आकारच वेगळा, ती ह्याच्यात बसणारच नाही. लोकं पैसे घालवून बसतात ह्याच्यात.

टीव्हीला जोडताना नव्या एलईडीला पिवळी वायर लावायची जागा आहे का ते बघा, काही टीव्हीत ती एकच बारीक भोकाची असते आणि वेगळी वायर लागते. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि पोरं म्हणतात गेम खराब आहे, गेम खराब नसतो, टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो. जुना डबा टीव्ही असेल तर हा प्रश्नच नाही.

दुसरा रस्ता सोपा, पीसी नाहीतर प्लेस्टेशन ४ नाहीतर एक्सबॉक्स वन. हे गेम काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीनं एप्रिल २०१७ मध्ये डिस्ने आफ्टरनून कलेक्शन नावाचा संच काढला, डिजिटल एक्लिप्सनं बनवलेला, त्याच्यात डकटेल्स, डकटेल्स २, चिप अँड डेल रेस्क्यू रेंजर्सचे दोन, टेलस्पिन आणि डार्कविंग डक असे सहा जुने गेम आहेत. अगदी साध्या लॅपटॉपवर पण चालतो. फुकटच्या फाईली शोधत फिरू नका, जी वस्तू अधिकृत मिळते ती विकत घ्या, आणि त्या साईटवरून लॅपटॉपमध्ये काय काय शिरतं त्याचा त्रास वेगळाच. एक साधा यूएसबी रिमोट घ्या मात्र, कीबोर्डवर हा गेम खेळणं म्हणजे पोरांना त्याचा कंटाळा आणणं.

मी दोन्ही केलं, आधी जुन्या मशीनवर आणि मग पीसीवर. त्याच्यात एक फरक कानाला लगेच लागला. आपल्या टीव्हीचा हिशोब सेकंदाला ५० चित्रांचा आणि हे गेम मुळात जपान-अमेरिकेच्या ६० च्या हिशोबानं बनवलेले, त्यामुळं आपल्या मशीनवर सगळंच, स्क्रूजची चाल, शत्रू, गाणी, जवळपास सहाव्या हिश्श्यानं हळू चालतं. म्हणजे मी लहानपणापासून जे चंद्राचं गाणं डोक्यात घेऊन फिरत होतो ते मुळात त्याच्यापेक्षा फास्ट आहे हे मला आत्ता या वयात कळलं. पीसीवर पहिल्यांदा लागलं तेव्हा मी दोन मिनिटं नुसता ऐकत बसलो.

पहिली दुपार, १९८९ चा डकटेल्स

हा सगळ्याचा पाया, ह्याच्यावर वेळ घालवा. कॅपकॉमनं काढला, मेगामॅन हा गाजलेला गेम काढणारी बरीच माणसं ह्याच्यावर होती, निर्माता तोकुरो फुजिवारा, चित्रं काढणाऱ्यांत केजी इनाफुने, आणि संगीत हिरोशिगे तोनोमुरा यांचं. मेगामॅनसारखंच ह्याच्यात पण सुरुवातीलाच सगळ्या जागा समोर मांडलेल्या असतात, अॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र, कुठं आधी जायचं ते तुम्ही ठरवायचं. एनईएसवर हा १६.७ लाख विकला गेला आणि गेमबॉय या हातात धरायच्या मशीनवर १४.३ लाख, त्या मशीनींवर कॅपकॉमचा एवढा दुसरा कुठलाच गेम चालला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, काठी. स्क्रूजच्या हातातली काठी हीच त्याचं सगळं. उडी मारायची, हवेत असताना खालच्या दिशेचं बटण आणि बी (B) बटण सोबत दाबायचं, आणि बी दाबून धरायचं. मग तो काठीवर टुणटुण उडायला लागतो, शत्रूच्या डोक्यावर पडला की शत्रू खलास, आणि काट्यांवर चालत गेला तर लागतं पण काठीवर उडत गेला तर लागत नाही. पोरांची पहिली चूक हीच असते की जमिनीवर उभं राहून खाली आणि बी दाबतात आणि काहीच होत नाही. आधी उडी, मग दाबणं. भाची दहा मिनिटं रडकुंडीला आली होती, मग एकदा जमलं आणि ओरडली, मामा बघ ना, म्हातारा कसा उडी राहिला! मग अर्धा तास तिनं शत्रू वगैरे काही मारले नाहीत, नुसती उडत बसली, बसू द्या, त्यातच हात बसतो.

काठीचं दुसरं काम म्हणजे फटका. दगड किंवा पेटी असेल तर तिला चिकटून उभं राहायचं, तिच्या दिशेचं बटण दाबून धरायचं, स्क्रूज मारायच्या पवित्र्यात आला की बी. दगड उडून जातो, त्यातून हिरा निघतो किंवा लांबचा शत्रू मरतो. न हलणाऱ्या गोष्टीवर मारली तर म्हातारा स्वतःच झिणझिण्या आल्यासारखा थरथरतो, ते बघायला पोरं मुद्दाम मारतात.

क्रम असा ठेवा. अॅमेझॉन पहिलं, कारण तिथं वेली आहेत, काटे आहेत, काठी कशी वापरायची ते सगळं तिथंच शिकून होतं, आणि शेवटी दगडाचा पुतळा येतो, तो सोपा आहे. मग ट्रान्सिल्व्हेनिया, भुताटकीचा वाडा, आरशात शिरलं की दुसरीकडं निघता, काही भिंती खोट्या आहेत, त्यातून आरपार जाता येतं, तर दिसेल त्या भिंतीला जाऊन भिडायचं. तिथून एक किल्ली घ्यायचीच, कारण खाणींचं दार त्या किल्लीशिवाय उघडत नाही, आधी खाणीत गेलात तर नातू येऊन सांगतो की किल्ली ट्रान्सिल्व्हेनियात आहे. १९८९ च्या मानानं ही मोठी गोष्ट होती, एका जागेचं काम दुसऱ्या जागेत अडकवायचं. अगदी आपल्याकडं असतं तसं, तहसीलचं काम घेऊन गेलो की तलाठ्याचा दाखला आणा.

हिमालयात सावध राहा. बर्फावर काठीनं उडी मारली की म्हातारा बर्फात रुतून बसतो आणि तेवढ्यात शत्रू येऊन धडकतो, तिथं साध्या उड्या मारायच्या, कडक जमीन असेल तिथंच काठी. आमच्याकडं पारा पंचेचाळीसला टेकलेला आणि पडद्यावर हिमालय, पोरं म्हणे मामा पंखा याच्याकडं फिरवा. तिथं बर्फाच्या लादीत गोठलेला बबा नावाचा आदिमानव बदक सापडतो, त्याला सोडवून पुढं जा. शेवटी एक भलामोठा ससा येतो, हो ससाच.

चंद्र शेवटी ठेवा. तिथं उडत्या तबकडीत शिरून किल्ली आणि गिझमोडकला बोलवायचा रिमोट शोधायचा, मग तो चिलखत घातलेला गिझमोडक येतो आणि वाट अडवणारी भिंत फोडून देतो, तो आल्याशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणून रिमोट सुटला तर मागं फिरा. आणि तिथं पोचलात की एक मिनिट हातातला रिमोट खाली ठेवा आणि गाणं ऐका. त्या मशीनला एका वेळी पाच आवाज काढता येतात, त्यातला एक नुसता आधी रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा, एवढ्या तुटपुंज्या सामानातून तोनोमुरांनी ते गाणं काढलंय. पैसा पैसा करणारा एकटा म्हातारा चंद्रावर चाललाय, मागं काळं आभाळ, आणि ते गाणं. मला तेव्हा पण अंगावर काटा आला होता आणि आत्ता पण आला.

पैशाबद्दल सांगायचं राहिलं. ह्या गेममध्ये पॉइंट नाहीत, डॉलर आहेत. जेवढे हिरे गोळा करणार तेवढी रक्कम वाढत जाते, आणि हिरे नुसते पेट्यांत नाही, मोकळ्या हवेत पण लपलेत, एखाद्या रिकाम्या कोपऱ्यात गेलं की अचानक उगवतात. म्हणून कंजूषासारखं खेळायचं, एक पण कोपरा सोडायचा नाही. शेवटाला तुमच्याकडं दोन्ही लपलेले खजिने आणि १,००,००,००० डॉलरपेक्षा जास्त असतील तर शेवट वेगळा दिसतो, आपल्या भाषेत एक कोटी. हेच मी वर म्हणत होतो की स्वभाव गेममध्ये उतरलाय. इतर गेममध्ये तुम्ही घाईनं पळत सुटता, ह्याच्यात तुम्ही आपोआप स्क्रूज होता, एका हिऱ्यासाठी दोनदा जीव धोक्यात घालता. भाचा, जो घरी दहा रुपये हातात टिकू देत नाही, तो म्हणत होता थांब ना मामा तिकडं अजून असेल.

खाण्याच्या गोष्टी आइस्क्रीम आणि केक आहेत, आइस्क्रीमनं थोडी ताकद येते आणि केकनं पूर्ण. बनवताना तिथं हॅम्बर्गर होते, डिस्नेनं बदलायला लावले, आणि भुताच्या वाड्यातल्या शवपेट्यांवरचे क्रॉस पण काढायला लावले. बारीक लक्ष होतं त्यांचं.

पाचही खजिने मिळाले की संपलं असं समजून उठू नका. ते चोरीला जातात, परत ट्रान्सिल्व्हेनियात जावं लागतं, ड्रॅक्युला डक, आणि तो हरला की खजिन्यासाठी दोरावर चढायची शर्यत. तिथं उशीर केलात तर दुसरा कोणी खजिना घेऊन जातो, म्हणून ड्रॅक्युला पडल्या पडल्या पळा.

आणि लाईटचं बघा. ह्या गेममध्ये सेव्ह नाही, पासवर्ड पण नाही, मशीन बंद झालं की सगळं पहिल्यापासून. मी सहावीत असताना आखाजीच्याच दिवसात, बाहेर वडीलधाऱ्यांचा पत्त्यांचा डाव पडलेला आणि आम्ही चुलतभाऊ आत, चंद्रावरचा शेवटचा उंदीर समोर आलेला आणि लाईट गेली. पाच तासांनी आली. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, आईनं सांजोऱ्या ताटात तशाच झाकून ठेवल्या होत्या. म्हणून सांगतो, जुन्या मशीनवर खेळणार असाल तर टीव्ही आणि मशीन दोन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. पूर्ण गेम हात बसलेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात संपवतो, तेवढं इन्व्हर्टर सहज पुरतं. पीसीवरच्या कलेक्शनमध्ये सेव्ह आहे आणि मागं फिरवायचं बटण पण आहे, चुकलं की गेम मागं घेता येतो. लहान पोरांना ते बटण वापरू द्या, पण मोठ्यांनी एकदा तरी न वापरता खेळा, तीन जीव हातात असताना जी छातीत धडधड होते ती त्या बटणानं जाते.

दुसरी आणि तिसरी दुपार, मधले

१९९० मध्ये हाच गेम गेमबॉयवर आला, छोटा पडदा, रंग नाहीत, जागांची मांडणी बदललेली. तो नाही मिळाला तरी चालेल. त्याच वर्षी कॉम्प्युटरवर द क्वेस्ट फॉर गोल्ड आला, तो कॅपकॉमचा नाही, इन्क्रेडिबल टेक्नॉलॉजीजनं बनवलेला, आणि एकदम वेगळा. त्याच्यात स्क्रूज आणि ग्लोमगोल्डची ३० दिवसांची शर्यत आहे, कोण जास्त कमावतो, त्यासाठी विमान उडवा, डोंगर चढा, जनावरांचे फोटो काढा, आणि शेअर बाजारात पण पैसे लावा. हातानं खेळायला तो मला कॅपकॉमच्या जवळपास पण वाटत नाही, पण त्याचा व्हिडिओ पोरांना दाखवा, कारण एकच कार्टून घेऊन दोन कंपन्यांनी किती वेगळा विचार केला ते दिसतं. एकानं काठी पकडली, एकानं तिजोरी पकडली.

मग १९९३ चा डकटेल्स २. ह्याच्यावर फार कमी लोकांनी हात मारलाय, कारण तेव्हा सुपर निन्टेंडो हे नवं मशीन येऊन दोन वर्षं झाली होती आणि जुन्या मशीनचे गेम घ्यायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्याच्या मूळ कॅसेटी कमी आणि आज महाग. कलेक्शनमध्ये तो सरळ मिळतो. नायगारा, बर्म्युडा ट्रँगल, म्यू, इजिप्त, स्कॉटलंड अशा जागा आहेत. खेळायची युक्ती अशी की एका फेरीत सगळं मिळायच्या मागं लागू नका. गायरो हा नवनवी यंत्रं बनवणारा भेटला की काठीत सुधारणा करून देतो, आणि मग आधी जिथं अडलो होतो त्या जागी परत जाऊन नकाशाचे तुकडे काढायचे, सात तुकडे जमले की लपलेला खजिना. वहीत लिहून ठेवा कुठं काय अडलंय. भाचीनं पाठकोऱ्या कागदावर नकाशे काढले, ते मी कपाटात जपून ठेवलेत. खेळायला हा पहिल्यापेक्षा चांगला बनलाय असं माझं मत आहे, पण गाणी पहिल्याचीच डोक्यात राहतात.

चौथी दुपार, रीमास्टर्ड, आणि माझी चूक

२०१३ मध्ये वेफॉरवर्ड नावाच्या कंपनीनं पहिलाच गेम नव्यानं काढला, डकटेल्स रीमास्टर्ड, हातानं काढलेल्या कार्टूनसारखी चित्रं, जेक कॉफमननं नव्यानं बांधलेली तीच गाणी, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आवाज. १९८७ च्या कार्टूनमध्ये इंग्लिशमध्ये स्क्रूजला ज्यांनी आवाज दिला ते अ‍ॅलन यंग, वय ९३, त्यांनी परत येऊन गेमसाठी सगळे संवाद बोलले. मॅजिकाचा आवाज पण जून फोरे यांचाच. २०१६ ला यंग गेले, २०१७ ला फोरे गेल्या. म्हणजे हा गेम आणखी काही वर्षांनी निघाला असता तर त्या म्हाताऱ्याचा तो आवाज त्याच्यात आला नसता.

चूक अशी की दोन वर्षांपूर्वी मी भाच्याला हाच गेम पहिल्यांदा लावून दिला होता, दिसायला सुंदर म्हणून. मग जुना दाखवला तर तो म्हणे हे काय ठोकळे ठोकळे, आणि उठून गेला. यंदा उलटं केलं. तीन दिवस ठोकळे खेळल्यावर रीमास्टर्ड लावला आणि अॅमेझॉनचं गाणं सुरू झाल्याबरोबर दोघं जण ओरडले की हे तेच आहे! म्हणून हात जोडून सांगतो, क्रम मोडू नका.

चालू करण्याआधी ऑप्शनमध्ये जाऊन हार्ड पोगो चालू करा. नाहीतर एक बटण दाबून स्क्रूज उडतो आणि जुन्या गेमवर बसलेला हात वाया जातो. सुरुवातीला तिजोरीत एक शिकवायची जागा नवी घातलीय, आणि शेवट पण बदललाय, परत ट्रान्सिल्व्हेनियात न नेता व्हेसुव्हियस ज्वालामुखीत नेतात. जिथं जुन्यात ससा होता तिथं आता यती आहे. गोळा केलेल्या पैशातून जुनी चित्रं आणि गाणी विकत घेऊन बघता येतात, ती सगळी बघा, आणि तिजोरीत सूर मारता येतो, तो तर पोरांनी वीस वेळा मारला. मला खटकतं ते एवढंच की मध्येमध्ये गेम थांबवून फार बोलतात, जुन्यात एक ओळ यायची आणि पुढं. बोलणं पहिल्यांदा ऐका, दुसऱ्यांदा पुढं ढकला.

एक सावधगिरी. ऑगस्ट २०१९ मध्ये हा गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकला होता, मार्च २०२० मध्ये परत आला. कार्टूनवरच्या गेमचं असंच असतं, कंपनीकडं मालिकेचे हक्क असतात तोवर विकतात. तर जो आवडतो तो मिळतोय तेव्हा घेऊन ठेवा, डिस्क मिळत असेल तर डिस्क.

पाचवी दुपार

ही मोकळी ठेवा, कलेक्शनमधले बाकीचे चार थोडे थोडे चाखून बघा. दोघं असाल तर रेस्क्यू रेंजर्स आधी, कारण तो दोघांना एकत्र खेळता येतो आणि एकमेकाला उचलून फेकता पण येतं, भाऊ-बहिणीच्या भांडणाला एकदम योग्य. ज्यांना अजून पुढं बघायचंय त्यांनी २०१४ चा शॉव्हेल नाइट बघा, वेफॉरवर्ड सोडून निघालेल्या माणसांनीच काढलाय, आणि त्यातला योद्धा फावड्यावर उभा राहून टुणटुण उडतो. कुठून आलं हे आता पोरांना सांगावं लागत नाही.

सहावी दुपार, परत टीव्हीकडं

आता रिमोट ठेवून द्या. २०१७ मध्ये डिस्नेनं डकटेल्स मालिका नव्यानं सुरू केली, २०२१ पर्यंत चालली. त्याच्यात ह्युई ड्युई लुईची हरवलेली आई डेला हिची गोष्ट आहे, ती बरीच वर्षं चंद्रावर अडकून पडलेली असते, एकटी. दुसऱ्या सीझनमधला, २०१९ चा तिचा चंद्रावरचा एपिसोड शोधा आणि पोरांना आधी काही सांगू नका. त्यात ती आपल्या पोरांसाठी रचलेली अंगाई म्हणते. तिची चाल म्हणजे तोनोमुरांचं १९८९ चं चंद्राचं गाणं. कार्टूनवरून गेम झाला, गेमसाठी एका माणसानं एक धून बांधली, आणि तीस वर्षांनी ती धून शब्द घेऊन कार्टूनमध्ये परत आली, ती पण चंद्रावरच, आणि आईच्या तोंडी.

भाचा काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं. भाची दोन ओळी झाल्यावर उठून बसली आणि म्हणाली, मामा, हे तर आपलं चंद्राचं आहे ना, लाईट गेली होती ते.

संध्याकाळी बहिणी गल्लीतल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर आखाजीची गाणी म्हणत होत्या आणि ही शेजारच्या छोट्या झोक्यावर एकटीच, पाय जमिनीला टेकवून, शब्द येत नाहीत म्हणून नुसती तोंडानं ती धून वाजवत झोका घेत होती, पीसीवरच्यासारखी फास्ट नाही, आमच्या जुन्या मशीनवर वाजते तशी, हळू.